अपवादशृंखला आणि त्रुटिसंदेश : पाठचिकित्सेच्या दृष्टीने एक विवेचन

१

तत्कालीन कलकत्त्यात १७८९ साली सर विल्यम जोन्स यांनी केलेला ‘शाकुंतला’चा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. मूळ नाटकाचे प्रथम शब्दशः लॅटिन भाषांतर करून मग त्यावरून आपण इंग्रजी अनुवाद सिद्ध केला, असे जोन्स यांनीच प्रस्तावनेत नमूद केले आहे. दोन वर्षांनी, १७९१ मध्ये, गेओर्ग फॉर्स्टर यांनी त्या इंग्रजीवरून जर्मन अनुवाद केला आणि गटे यांच्यापर्यंत कालिदास पोहोचला तो या मार्गाने. जोन्स यांच्यापुढे नाटकाची बंगाली पाठपरंपरा होती. देवनागरी परंपरेच्या मानाने तिच्यातील तिसरा अंक अधिक विस्तृत आहे.

आता अशी कल्पना करावी की, एखाद्या जर्मन वाचकाने पुढे केव्हातरी देवनागरी परंपरेवरून झालेला अनुवाद फॉर्स्टर यांच्या अनुवादाशेजारी ठेवला आणि तिसऱ्या अंकात त्याला न जुळणारा मजकूर आढळला. तो दोष कोणाला देईल? जो हात त्याला सर्वांत जवळचा, त्यालाच. म्हणजे फॉर्स्टर यांना. वस्तुतः भेदाचे मूळ जर्मनमध्ये नाही, इंग्रजीत नाही, लॅटिनमध्येही नाही. ते बंगाली लिपीतील पोथ्यांच्या परंपरेत आहे. परंतु हे त्या वाचकाला कळावयाचे, तर मधल्या प्रत्येक पायरीने आपल्यामागची पायरी कोणती हे सांगितलेले असले पाहिजे. एका पायरीने जरी मौन धरले, तरी मागचा सारा मार्ग अंधारात जातो आणि शेवटच्या हाताच्या माथी नसलेला दोष येतो.

दोष जेथे प्रकट होतो ते स्थान आणि दोष जेथे उद्भवतो ते स्थान ही दोन भिन्न असतात, ही गोष्ट पाठचिकित्सकाला नवी नाही. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांनाही याच प्रश्नाला तोंड द्यावे लागले आणि त्यांनी त्यावर जी योजना काढली, तिला ‘अपवादशृंखला’ म्हणता येईल. भारतीय भाषांतील ग्रंथसंपदा आता मोठ्या प्रमाणावर संगणकावर येत असल्यामुळे ही योजना समजून घेणे हे केवळ तंत्रज्ञांचे काम राहिलेले नाही. ज्या आज्ञावलीच्या साह्याने पाठभेद जुळविले जातात, ती आपल्या चुकांविषयी काय बोलते आणि काय लपविते, यावर अभ्यासकाच्या निष्कर्षाचे खरेखोटेपण अवलंबून राहते.

२

या दोन विद्यांची गाठ ज्या नगरात पडते, त्या कोलकात्याचा येथे थोडक्यात उल्लेख केला पाहिजे. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, बरानगर येथे, ‘एचईसी-२एम’ हा ब्रिटनमधून आणलेला इलेक्ट्रॉनिक संगणक १९५५-५६च्या सुमारास बसविण्यात आला; भारतातील पहिला अंकीय संगणक म्हणून त्याची गणना होते. त्याच सुमारास, १९५६ साली, जादवपूर विद्यापीठात बुद्धदेव बसू यांच्या पुढाकाराने तौलनिक साहित्याचा विभाग सुरू झाला. पुढे १९६६ मध्ये सांख्यिकी संस्था आणि जादवपूर विद्यापीठ यांनी मिळून ‘आयएसआयजेयू-१’ हा संगणक घडविला. साहित्यविचार आणि गणनयंत्र यांचे प्रवाह जवळून वाहत होते, तरी ते प्रत्यक्ष एकत्र आले ते बऱ्याच उशिरा. जादवपूरच्याच सांस्कृतिक ग्रंथ आणि अभिलेखविषयक केंद्राने सुकांत चौधरी यांच्या मार्गदर्शनाखाली रवींद्रनाथांच्या हस्तलिखितांचा व मुद्रित आवृत्त्यांचा ‘बिचित्रा’ हा संगणकीय पाठसंग्रह २०१३ मध्ये खुला केला. त्यात निरनिराळ्या पाठांची तुलना करणाऱ्या आज्ञावलीला ‘प्रभेद’ हे अन्वर्थक नाव दिलेले आहे.

अशा प्रकारची कोणतीही आज्ञावली एकसंध नसते. ती थरांनी बनलेली असते. विवेचनाच्या सोयीसाठी एका काल्पनिक आज्ञावलीचे चार थर मानू या. सर्वांत खालचा थर तबकडीवरील अंकरूप मजकूर वाचून त्याची अक्षरे बनवितो. दुसरा थर त्या अक्षरांची पाने जुळवितो. तिसरा थर क, ख, ग या प्रतींतील पानांची तुलना करतो. चौथा थर तुलनेचे फळ अभ्यासकापुढे मांडतो. वरचा थर खालच्याला काम सांगतो आणि उत्तराची वाट पाहतो. खालच्या थराला सांगितलेले काम करता आले नाही, तर तो उत्तराऐवजी एक निराळीच वस्तू वर पाठवितो. तिला इंग्रजीत ‘एक्सेप्शन’, म्हणजे अपवाद, म्हणतात.

‘अपवाद’ हा शब्द ऐकताच संस्कृत व्याकरणातील उत्सर्ग आणि अपवाद ही जोडी आठवणे स्वाभाविक आहे. पाणिनीच्या शास्त्रात अपवाद म्हणजे नियमाचा भंग नव्हे. तो नियमकर्त्याने आधीच जाणलेला विशेष प्रसंग असून आपल्या क्षेत्रात तो उत्सर्गाहून बलवान असतो. संगणकशास्त्रातील अपवादाचेही स्वरूप काही अंशी असेच आहे. फाइल न सापडणे, तबकडी भरणे, अक्षर न ओळखता येणे हे प्रसंग नेहमीचे नसले तरी अकल्पित नसतात. फरक आहे तो निवाड्याच्या अधिकारात. जॉन गुडइनफ यांनी १९७५ सालच्या आपल्या निबंधात अपवादाची व्याख्याच अशी केली की, एखादे कार्य करीत असताना आढळलेली आणि ते कार्य सांगणाऱ्याच्या नजरेस आणून दिलेली परिस्थिती म्हणजे अपवाद. ज्याला अडचण दिसते त्याला तिचा उपाय ठाऊक असेलच असे नाही. उपाय ठरविण्याचा अधिकार ज्याने काम सांगितले त्याचा.

३

समजा, ख प्रत पुष्कळ वर्षांपूर्वी ‘इस्की’ या भारतीय मानकानुसार टंकित झाली होती आणि आजची आज्ञावली ‘युनिकोड’ संकेतनाची अपेक्षा धरते. सदतिसावे पान वाचताना सर्वांत खालच्या थराला असा अंक भेटतो की, जो युनिकोडच्या नियमांत बसत नाही. तो अपवाद वर पाठवितो : अमुक स्थानावरील अंक वैध नाही. आता दुसऱ्या थरापुढे तीन मार्ग असतात.

पहिला मार्ग, काहीच न करता तो अपवाद तसाच वर जाऊ देणे. यात सत्य हरवत नाही. परंतु चौथ्या थराच्या हाती जे पडते ते त्याच्या भाषेतले नसते. पाठभेद मागणाऱ्या अभ्यासकाला तबकडीवरील अंकाचे स्थान सांगून काय उपयोग?

दुसरा मार्ग, अपवाद गिळून टाकणे आणि वर एक कोरे पान पाठविणे. दिसावयास हा मार्ग सौम्य आहे. आज्ञावली थांबत नाही, कोणाला त्रास होत नाही. परंतु तिसरा थर ते कोरे पान खरे मानतो आणि पाठभेदांच्या सूचीत नोंद होते : ‘ख प्रतीत हा भाग नाही.’ यंत्राच्या वाचनातील अपयश येथे ग्रंथाविषयीचे विधान बनले. एखादा अभ्यासक यावरून असा सिद्धांत मांडील की, कवीने ते कडवे प्रथम लिहिलेच नव्हते, ते मागाहून घातले. त्याच्या युक्तिवादात कोठेही दोष काढता येणार नाही. दोष आहे तो पायाशी, आणि त्याची खूण कोणीतरी पुसून टाकली आहे.

तिसरा मार्ग, अपवादाचे भाषांतर करणे. दुसरा थर खालचा अपवाद स्वीकारतो आणि आपल्या भाषेतला नवा अपवाद वर पाठवितो : ‘ख प्रतीचे पान ३७ वाचता आले नाही.’ तिसरा थर त्याचेही भाषांतर करतो : ‘ख प्रत तुलनेत घेता आली नाही.’ ही वाट योग्य खरी. परंतु भाषांतर करताना मूळ टाकून दिले, तर ‘का वाचता आले नाही’ या प्रश्नाचे उत्तर वर पोहोचतच नाही. फाइल गहाळ होती, की तबकडी बिघडली होती, की संकेतन निराळे होते? म्हणून नव्या अपवादाच्या पोटात जुना अपवाद जसाच्या तसा ठेवावयाचा, हीच अपवादशृंखलेची कल्पना. प्रत्येक अनुवाद आपल्याबरोबर आपले मूळ बांधून आणतो.

प्रमुख संगणकभाषांत ही सोय आरंभापासून नव्हती. ‘जावा’ भाषेत काही थोड्या अपवादप्रकारांना आपले मूळ सांगण्याची निरनिराळी व्यवस्था होती. सर्व अपवादांसाठी एकच सामान्य व्यवस्था २००२ सालच्या १.४ या आवृत्तीत आली. ‘पायथन’ भाषेसाठी का-पिंग यी यांनी २००५ मध्ये तसा प्रस्ताव मांडला आणि डिसेंबर २००८च्या ३.० या आवृत्तीत तो अमलात आला. ‘सी++’ भाषेने २०११च्या मानकात एका अपवादात दुसरा साठविण्याची तरतूद केली.

शृंखला वाचण्याची रीत मात्र सर्वत्र सारखी नाही. जावा सर्वांत वरचा, म्हणजे अखेरचा, अपवाद प्रथम छापते आणि ‘याचे कारण’ अशा अर्थाचे शब्द घालून खाली खाली मूळाकडे जाते. पायथन उलट क्रम धरते : मूळ अपवाद प्रथम, अखेरचा शेवटी. एक शेवटाकडून उगमाकडे जाणारी वंशावळ, तर दुसरी मूळपुरुषापासून सांगितलेली. जावाचा वृत्तांत वाचणाऱ्याने तळाशी पाहावे, पायथनचा वाचणाऱ्याने आरंभी. नवशिके पुष्कळदा डोळ्यांसमोर येणारी ओळ तेवढी वाचतात आणि फॉर्स्टर यांना दोष देणाऱ्या वाचकाच्या चुकीत सापडतात.

४

पायथनच्या योजनेतील एक सूक्ष्म भेद साहित्याच्या अभ्यासकाला विशेष रुचेल असा आहे. तेथे पूर्वीचा अपवाद नव्याशी दोन प्रकारे जोडला जातो. पहिल्या प्रकारात आज्ञावलीकार ‘फ्रॉम’ हा शब्द योजून स्पष्ट सांगतो की, हा अपवाद त्या अपवादामुळे उद्भवला. वृत्तांतात मग ‘वरील अपवाद हा पुढील अपवादाचे साक्षात कारण होय’ अशा आशयाचे वाक्य येते. दुसऱ्या प्रकारात आज्ञावलीकाराने काहीच सांगितलेले नसते. एका अपवादाची व्यवस्था लावीत असताना दुसराच उपस्थित होतो. तेव्हा भाषा आपण होऊन दोहोंची सांगड घालते, पण शब्द सावध वापरते : ‘वरील अपवादाची व्यवस्था चालू असता आणखी एक अपवाद घडला.’

पहिल्यात कारण सांगितले आहे, दुसऱ्यात केवळ संदर्भ. ख प्रतीचे पान वाचता आले नाही, म्हणून आज्ञावली त्याची नोंद दप्तरात लिहू गेली आणि दप्तर ठेवण्याची तबकडीच भरलेली निघाली. तबकडी भरण्याचे कारण इस्कीतील पान नव्हे. दोन्ही गोष्टी एकामागून एक घडल्या इतकेच. काकतालीय न्याय ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या दोहोंची गल्लत किती सहज होते हे सांगावयास नको. साहित्येतिहासात ‘नंतर’चे ‘म्हणून’ किती वेळा झाले आहे! या योजनेपूर्वीच्या पायथनमध्ये अशा प्रसंगी पहिला अपवाद दिसेनासा होई आणि वाचणारा भरलेल्या तबकडीचाच विचार करीत बसे.

शृंखला दडविण्याचीही सोय आहे. २०१२च्या ३.३ या आवृत्तीपासून ‘फ्रॉम नन’ असे लिहिले की, पूर्वीचा अपवाद वृत्तांतात छापला जात नाही. तथापि तो नष्टही होत नाही, अंतर्यामी जपून ठेवलेला असतो. जेथे खालची हकीकत वाचकाला केवळ गोंधळात टाकील, तेथेच ही सवलत घ्यावी.

५

येथून त्रुटिसंदेशाच्या प्रश्नाकडे वळता येते. कोणताही संदेश कोणासाठी आहे हे ठरल्यावाचून तो चांगला की वाईट हे ठरत नाही. त्रुटिसंदेशाला दोन वाचक असतात : आज्ञावली वापरणारा आणि ती दुरुस्त करणारा. एकाला ‘आता काय करावे’ हे हवे असते, दुसऱ्याला ‘हे कशामुळे घडले’ हे.

मराठी परंपरेत या द्वंद्वाचे एक बोलके उदाहरण आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४च्या सुमारास, ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले. पाठभेदांनी मलिन झालेला ग्रंथ त्यांनी पारायण करणाऱ्यांच्या हाती निर्मळ करून दिला. टाकलेल्या पाठांची सूची त्याला जोडली नाही. भाविक वाचकाची गरज त्याने पूर्ण झाली. पाठचिकित्सकाची जिज्ञासा अपुरी राहिली. उलट पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत, वि. सी. सुखठणकर यांनी घालून दिलेल्या पद्धतीनुसार, वर सिद्ध पाठ आणि खाली पाठभेदांचा संभार अशी प्रत्येक पानाची रचना आहे. शिवाय सिद्ध पाठातही जो अंश संशयित वाटला, त्याखाली नागमोडी रेघ ओढलेली असते. ती रेघ म्हणजे एक आदर्श त्रुटिसंदेशच होय : संपादकाची खात्री जेथे उणी पडते, तेथेच ती उमटते आणि वाचनात विघ्नही आणीत नाही.

आज्ञावलीकाराने हीच द्विस्तर रचना करावी. वर, अभ्यासकासाठी, त्याच्या भाषेत एक वाक्य : ‘ख प्रतीचे पान ३७ वाचता आले नाही, पुढील तुलनेत ही प्रत धरलेली नाही.’ खाली, दप्तरात, संपूर्ण शृंखला; आणि दोहोंना सांधणारा एक क्रमांक. अभ्यासकाने क्रमांक कळविला की, दुरुस्त करणाऱ्याला मूळ सापडते. फाइलींचे अंतर्गत मार्ग, परवलीचे शब्द यांसारख्या गोष्टी वरच्या संदेशात कदापि येऊ नयेत. प्रत्येक थराने आपण जाणतो तेवढेच सांगावे, खालच्याचे वाक्य पुन्हा उतरवू नये. कारण ते शृंखलेत आहेच. प्रत्येक थराने अपवाद दप्तरातही लिहिला आणि वरही पाठविला, तर एकच अडचण चार वेळा नोंदली जाते आणि चार अडचणी असल्याचा भास होतो. आणि ज्या अपवादाचा उपाय आपल्याकडे नाही, तो मुळी अडवूच नये.

संदेशाच्या भाषेविषयीही दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. इंग्रजीत ‘अमुक सापडत नाही’ या अर्थाच्या एकाच साच्यात कोणतेही नाम बसविता येते. बंगालीतही क्रियापदाला लिंग नसल्यामुळे ‘पाओया जायनि’ हे शब्द सर्व नामांना चालतात. मराठीत मात्र ग्रंथ सापडला नाही, प्रत सापडली नाही आणि पान सापडले नाही. इंग्रजी संदेशाचे तुकडे भाषांतरित करून ते जोडणाऱ्याच्या हातून ‘प्रत सापडले नाही’ अशी वाक्ये तयार होतात. म्हणून संदेश तुकड्यांनी न जोडता, प्रत्येक भाषेत संपूर्ण वाक्य स्वतंत्रपणे लिहावे लागते. ज्या वाक्याचे व्याकरण ढळले आहे, त्याच्या सांगण्यावर वाचकाने तरी का विश्वास ठेवावा? अर्थात, आज्ञावलीने स्वतः निर्णय घेताना संदेशातील शब्दांवर विसंबू नये, अपवादाच्या प्रकारावर विसंबावे. शब्द भाषेगणिक बदलतात, प्रकार बदलत नाही.

६

एवढी सारी व्यवस्था असूनही तिची एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. शृंखला पहिल्या कडीपासून सुरू होते. पहिला अपवाद उठलाच नाही, तर जोडावयाचे काय?

मराठीतील ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो : एकीत त्यासाठी टिंब असलेला निराळा र योजतात, दुसरीत साधा र, हलन्तचिन्ह आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. जुन्या मजकुराची सफाई करणाऱ्या एखाद्या आज्ञावलीने ते अदृश्य चिन्ह कचरा समजून काढून टाकले, तर ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते. डोंगरातील दऱ्यांचा समुद्र झाला, आणि यंत्राच्या दृष्टीने काहीच बिघडले नाही, कारण दोन्ही शब्द तितकेच वैध. बंगालीतील खंड-त हे अक्षरही २००५ पर्यंत अशाच अदृश्य चिन्हाच्या आधाराने लिहावे लागे; त्या वर्षी युनिकोडच्या ४.१ या आवृत्तीत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. तेव्हा त्यापूर्वी टंकिलेली आणि त्यानंतर टंकिलेली अशा दोन फाइली केवळ अंकांनुसार ताडून पाहिल्या, तर डोळ्यांना एकच दिसणारा शब्द यंत्राला पाठभेद वाटतो. एका उदाहरणात खरा भेद बुजतो, दुसऱ्यात नसलेला भेद उभा राहतो, आणि दोन्हींत अपवाद उठत नाही.

यावर उपाय एकच : सर्वांत खालच्या थराने शंकेखोर असावे. तुलनेपूर्वी दोन्ही रीती जाणीवपूर्वक एका रूपात आणाव्या. जे चिन्ह ओळखता येत नाही ते काढून न टाकता तेथेच थांबावे व तसे सांगावे. कोणती चिन्हे अर्थवाही आणि कोणती निरर्थक, हे सांगणे मात्र तंत्रज्ञाच्या आवाक्यातले नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील अंतर ज्याला कळते, त्यानेच ते यंत्राला शिकवावयाचे आहे. पाठभेदांची संगणकीय सूची हाती घेणाऱ्या अभ्यासकाने म्हणून सूचीबरोबर तिचे दप्तरही मागावे. आणि ‘या प्रतीत हा भाग नाही’ असे जेथे लिहिलेले असेल, तेथे तो प्रतीत नाही की यंत्राला वाचता आला नाही, हा प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाऊ नये.